‘साभार परत’ हवेच, पण कारणासह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आणि इतर वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत नव्या लेखकांसाठी सल्ल्याचे लेख येत असतात. रोज लिहा, भरपूर वाचा, धीर धरा, यश उशिरा येते, असे त्यांत सांगितलेले असते. सल्ला चुकीचा नाही; पण धीर धरायचा तो काय करत धरायचा, याचा त्यात पत्ता नसतो. पहिली कथा लिहून झाली, ती एखाद्या अंकाकडे पाठवली, पुढे कित्येक महिने काहीच उत्तर नाही. या महिन्यांत लेखकाने काय करावे? आणि ज्याच्या टेबलावर ती कथा पडून आहे, त्या संपादकाने काय करावे? हे पत्र या दोन प्रश्नांपुरते आहे. शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

मराठी कथेत नाव व्हायला वर्षे लागतात, हे आजचे नाही. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३चा. पहिला संग्रह ‘निळा सावळा’ आला १९५९मध्ये, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ‘काजळमाया’ त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७२मध्ये. धारवाडला इंग्रजी शिकवता शिकवता ते लिहीत होते आणि कथा आधी मासिकांतून एकेक करून येत होत्या. त्या काळातला उशीर फुकट जात नसे, कारण लिहिणारा आणि छापखाना यांच्या मध्ये एक वाचणारा माणूस बसलेला असे. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला कथा कुठे ढिली पडते, शेवट का पटत नाही, हे पत्राने कळवीत आणि पुन्हा लिहून मागत. कथा परत जाई, पुन्हा लिहून येई, कधी पुन्हा परत जाई. या फेऱ्यांत लेखक घडत असे. १९८२मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले आणि संपादनाची ती रीत हळूहळू विरत गेली.

त्या रीतीवर आक्षेप होते आणि ते रास्त होते. एकाच अभिरुचीच्या चाळणीतून सगळे मराठी लेखन गाळले जाते, ही लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनीच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांच्या, पिढीची तक्रार होती. याच पिढीने सायक्लोस्टाइल यंत्रावर स्वस्तात प्रती काढलेल्या पानांतून नवे लेखन पुढे आणले. दलित कथाकार बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातल्या अनुभवाला मध्यमवर्गीय संपादकीय कसोट्या पुरणाऱ्या नव्हत्याच. तेव्हा जुने दिवस परत आणा, असे म्हणायचे नाही. चाळणी कोणाची, यावर वाद व्हावाच. पण आज अडचण वेगळी आहे: कथा कुठे आणि का अडली, हे लेखकाला कळतच नाही.

ई-मेल जातो, पोच येत नाही. दुसरीकडे मोबाइलवरच्या कथांच्या ॲपवर तीच कथा अर्ध्या तासात प्रसिद्ध होते आणि ‘खूप छान’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ असे शेकडो अभिप्राय मिळतात. तिथले वाचक खरे आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. रोजचा भाग रोज द्यावा लागल्याने कथानक पुढे नेण्याची आणि वाचक धरून ठेवण्याची चांगली तालीम तिथे होते. पण ज्याला कथा आवडली नाही तो गुपचूप निघून जातो. तो कोणत्या परिच्छेदाला गेला, हे लेखकाला समजण्याची सोय नाही. एकीकडे मौन आणि दुसरीकडे कौतुक. दोन्हींतून दुरुस्ती होत नाही. म्हणून ही दुरुस्तीची फेरी लेखकाला आता बरीचशी स्वतःच करावी लागते. ती कशी करायची, हे शिकण्यासारखे आहे आणि शिकवण्यासारखेही.

स्पर्धेसाठी किंवा अंकासाठी आलेल्या कथा गठ्ठ्याने वाचल्या की दिसते, दोष थोडे असतात आणि तेच ते असतात. सर्वांत मोठा दोष म्हणजे कथा उशिरा सुरू होणे. मोबाइलचा गजर वाजतो, नायिका उठते, चहा टाकते, खिडकीबाहेर पाऊस असतो, तिला जुने दिवस आठवतात आणि तिसऱ्या पानावर भावाचा फोन येतो. कथा त्या फोनपासून आहे. आधीची दोन पाने लेखकाला लागलेली असतात. पात्र ओळखीचे होईपर्यंत तो चाचपडत लिहीत असतो. ती लिहावीतच, पण पाठवू नयेत. उपाय सोपा आहे. फाइलची वेगळी प्रत करून पहिली दोन पाने पुसावीत आणि उरलेली कथा ज्याने आधी वाचलेली नाही अशा माणसाला द्यावी. त्याला काय काय कळले नाही, ते लिहून घ्यावे. बहुतेक वेळा तीन-चार गोष्टीच निघतात: घर कोणाच्या नावावर आहे, वडील कधी गेले, बहीणभावांत मोठे कोण. त्या पुढच्या संवादांत एकेका वाक्याने बसतात.

दुसरा दोष याचाच भाऊ. माणूस एसटीच्या खिडकीशी बसतो आणि त्याचे सगळे आयुष्य बालपणापासून क्रमाने आठवते. गाव येते, कथा संपते. या कथेत आज काहीच घडत नाही. लेखकाला पात्राचा पूर्ण इतिहास माहीत असतो आणि त्यातले काही सोडवत नाही, म्हणून असे होते. अशा वेळी कागदावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर पात्राच्या आयुष्यातल्या घटना सालांसह मांडाव्यात आणि स्वतःला विचारावे, की आजच्या प्रवासात कोणता निर्णय व्हायचा आहे. त्या निर्णयाला लागतील तेवढ्याच दोन किंवा तीन आठवणी ठेवाव्यात. बाकीच्यांतून पुढे वेगळी कथा निघू शकते.

शेवटांचे तर ठरलेले साचे झाले आहेत: अपघात, आत्महत्या, किंवा ‘हे सगळे स्वप्न होते’. शेवट सुचत नाही म्हणून तो ओढून आणला जातो, आणि तो सुचत नाही याचे कारण जवळजवळ नेहमी पहिल्या पानावर असते. तिथे पात्राला काय हवे आहे आणि ते मिळण्यात आडवे काय येते, हे ठरलेलेच नसते. शेवट जमत नसेल तर शेवटच्या पानावर झगडत बसू नये, सुरुवात पुन्हा लिहावी. आणखी एक गोष्ट: ‘त्या क्षणी तिला कळून चुकले की...’ अशा वाक्याने संपणाऱ्या कथा अगणित असतात. ते वाक्य आणि त्याच्या आधीची दोन वाक्ये झाकून पाहावीत. प्रसंग नीट उतरला असेल तर त्या वाक्यांची गरज उरत नाही. प्रसंग उतरला नसेल तर ती वाक्ये त्याला वाचवू शकत नाहीत.

विषय मोठा घेतला म्हणजे कथा मोठी होते, हाही एक पक्का गैरसमज आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर कथा येते आणि तिच्यात कापसाची वेचणी आषाढात चालू असते. विदर्भात कोरडवाहू कापूस मृगाच्या पावसावर, जूनमध्ये पेरला जातो. पहिली वेचणी साधारण दिवाळीच्या मागेपुढे येते आणि पुढे दोन-तीन वेचे जानेवारीपर्यंत चालतात. आषाढात शेतात डवरणी, निंदण अशी तण काढण्याची कामे चाललेली असतात. गावाकडचा वाचक असल्या एका चुकीवर कथा बाजूला ठेवतो आणि त्याचे बरोबरच आहे. कथेत येणारे प्रत्येक काम, कागद आणि कचेरी कोणत्या महिन्यात, कोणाकडे, कोणत्या नावाने चालते, हे त्या कामातल्या माणसाला विचारून घ्यावे. आसाराम लोमटे परभणीत पत्रकारिता करतात; त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातले राजकारण आणि शेतीची कोंडी या कथांत पटते, कारण तो तपशील वरून चिकटवलेला नाही.

आता पुनर्लेखन. नव्या लेखकाला ‘पुन्हा लिहा’ म्हटले की तो शब्द बदलतो, विशेषणे वाढवतो आणि दमतो. पुनर्लेखनाला क्रम लागतो. पहिला खर्डा झाला की तो तीन-चार आठवडे उघडू नये. त्या काळात दुसरी कथा सुरू करावी, म्हणजे पहिलीचा हट्ट कमी होतो. मग खर्डा कागदावर छापून घ्यावा: ए-फोर कागद, १४ पॉइंट अक्षर, ओळींत दीडपट अंतर, एका बाजूला रुंद समास. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी शंभर-सव्वाशे शब्द दिसतात. तिथे वाक्य सुधारता येते, पण कोणता प्रसंग अर्धे पान खातो आणि कोणता पाच पाने, हे डोळ्यांसमोर येत नाही.

एका वाचनात एकच गोष्ट पाहावी. पहिले वाचन काळाचे: समासात प्रत्येक प्रसंगाचा वार, वेळ, ऋतू लिहायचा. सोमवारी दवाखान्यात दाखल झालेला म्हातारा ‘दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने’ घरी येतो, असल्या चुका इथे सापडतात. दुसरे वाचन कोणाला काय माहीत आहे याचे. कथा सुनेच्या नजरेतून चालली असेल तर बंद खोलीतले सासूचे विचार तिथे येऊ शकत नाहीत. येत असतील तर तो परिच्छेद काढावा, नाही तर दृष्टिकोन बदलून सगळी कथा पुन्हा लिहावी. अर्धवट मलमपट्टी चालत नाही. तिसरे वाचन मोठ्याने करायचे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर थांबते. त्यामुळे भूतकाळात लिहिताना ‘बसला होता’, ‘आली होती’, ‘पडले होते’ अशी वाक्यांची रांग लागते आणि डोळ्यांना ती कळत नाही, कानाला लगेच कळते. सलग चार वाक्ये ‘होता-होती’वर संपली की खूण करावी. त्यांतले एखादे वाक्य दुसऱ्यात मिसळावे, एखादे क्रियापदाशिवाय सोडावे, एखादे संवादात टाकावे. संवादही मोठ्याने वाचताच उघडे पडतात: नवरा-बायको एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी सांगत बसलेली असतात.

चौथे वाचन कात्रीचे. पाच हजार शब्दांची कथा चार हजारांवर आणायची, असा आकडा आधीच ठरवून बसावे. आकडा ठरवला नाही तर शंभर-दोनशे शब्दांवर हात थांबतो. आधी परिच्छेद काढावेत, मग वाक्ये, शेवटी शब्द. उलट क्रमाने गेले तर जो परिच्छेद जायचाच होता, त्यातली वाक्ये घासण्यात दोन संध्याकाळी जातात. शुद्धलेखनाचे वाचन सर्वांत शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये भर घातलेले चार धरून अठरा आहेत. दोन-तीन पानांत मावतात. तेवढे समोर ठेवावेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी चांगली कथा नापास होऊ नये हे खरे, पण शंभर कथा वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्या पानावरच्या चुकांनी उडतो, हेही खरे.

बोलीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण आज चांगल्या नव्या कथा बऱ्याचशा बोलीतून येत आहेत आणि तिथेच घोळही होतो. वऱ्हाडी बोलणारे पात्र एका पानावर ‘काहून’ म्हणते आणि पुढच्या पानावर ‘का बरं’. मालवणी म्हातारी ‘खंय गेल्लंस’ विचारते आणि लगेच पुणेरी वळणाचे दोन वाक्यांचे तत्त्वज्ञान सांगते. लिहायला बसण्याआधी ठरवावे: निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, की सगळेच बोलीत. दोन्ही चालते, अधेमधे चालत नाही. मग एका कागदावर त्या बोलीतली पंधरा-वीस रूपे लिहून ठेवावीत: होता-व्हता, नाही-न्हाई, प्रश्नार्थक शब्द, नात्यांच्या हाका. पूर्ण कथा त्या कागदाशी ताडून पाहावी. शहरात शिकून आलेला मुलगा आईशी एका बोलीत आणि साहेबाशी दुसऱ्या भाषेत बोलेल, तेव्हा फरक ठेवावाच. पण तो लेखकाने ठरवलेला असावा. परक्या वाचकाला कठीण जाईल म्हणून कंसात अर्थ देऊ नयेत. वाक्याच्या संदर्भातून अर्थ उलगडेल, अशी जागा शब्दाला द्यावी.

हे सगळे झाल्यावर दोन वाचक शोधावेत: एक त्या जगातला, एक त्या जगाबाहेरचा. त्यांना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. उत्तर ‘छान’ येते आणि त्याचा उपयोग नसतो. विचारायचे ते असे: वाचताना कुठे थांबलात? कोणत्या ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले? शेवटी नेमके काय घडले, ते दोन वाक्यांत सांगा. दोघेही एकाच जागी अडले असतील तर तिथे दुरुस्ती हवी, मग लेखकाला ती जागा कितीही आवडत असो. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असे नाही. दुखणे कुठे आहे हे वाचक अचूक सांगतो; औषध लेखकानेच शोधायचे.

पाठवतानाच्या चुका लहान दिसतात, पण त्यांपायी कथा वाचलीच जात नाही. जुन्या श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की ‘वऱ्हाडी’चे ‘वर्हाडी’ होते, रफार भलत्याच अक्षरावर जातो, ‘ॲ’ मोडतो. म्हणून कथा सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करावी आणि वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही जोडावी, म्हणजे अक्षर मोडले तरी मूळ काय होते ते दिसते. व्हॉट्सॲपच्या संदेशात कथा चिकटवून पाठवू नये. परिच्छेद कुठे तुटतात ते कळेनासे होते. पहिल्या पानावर कथेचे नाव, शब्दसंख्या, लेखकाचे नाव आणि संपर्क एवढेच असावे. अर्ध्या पानाचा परिचय नको. स्पर्धेत नाव वेगळ्या कागदावर मागितले असेल तर कथेच्या पानांवर ते चुकूनही येऊ देऊ नये. निनावी परीक्षणाचे मोल काय, ते १९७४मध्ये दिसले होते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवली. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून हस्ताक्षरही त्यांच्या पत्नीचे होते. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले.

वेळापत्रकही पाळावे लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेची मुख्य पेठ दिवाळी आहे. या अंकांची जुळवाजुळव मे-जूनमध्ये सुरू होते. बहुतेकांकडे जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मजकूर यावा लागतो. गणपतीच्या सुमारास पाने लागत असतात, त्यानंतर मुद्रितशोधन आणि छपाई. सप्टेंबरात आलेली कथा चांगली असली तरी बहुधा पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे दिवाळीसाठी कथेचा पहिला खर्डा फेब्रुवारीत झालेला असावा. एकच कथा एका वेळी दोन अंकांकडे पाठवू नये. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारे बंद होतात. तीन महिने वाट पाहून, आधीच्या अंकाला दोन ओळींत कळवून मगच दुसरीकडे द्यावी. पाठवलेल्या कथांची एक वही ठेवावी: कथा, शब्द, कुठे, कधी, उत्तर काय.

आता हिशेब मांडू. वर्षाला दोन नेटक्या कथा हाती लागल्या तर ते भरपूर म्हणायचे. संग्रहाला साधारण बारा कथा लागतात, म्हणजे सहा वर्षे. प्रत्येकी चार हजार शब्द धरले तर अठ्ठेचाळीस हजार शब्द होतात. डेमी आकाराच्या पानावर पावणेतीनशे शब्द बसतात असे धरले तर मजकुराची पाने १७५च्या आसपास भरतात. मुखपृष्ठामागची पाने, अर्पण, अनुक्रम आणि प्रत्येक कथा नव्या पानावर घेतल्याने सुटलेल्या जागा धरून सोळा पानी बारा फर्मे, म्हणजे छपाईचे घडी घातलेले ताव, होतात: १९२ पाने. किंमत तीनशे रुपये, आवृत्ती पाचशेची आणि मानधन दहा टक्के ठरले, तर सगळ्या प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती पंधरा हजार रुपये येतात. आणि त्या संपायला काही वर्षे लागू शकतात. हे आकडे नव्या लेखकाला आधीच सांगायला हवेत. पुस्तकाच्या पैशांवर घर चालणार नाही हे माहीत असलेला माणूस घाई करत नाही आणि फसतही नाही.

कारण घाईचा बाजारही उभा आहे. लेखकाकडून पैसे घेऊन ‘प्रातिनिधिक संग्रहा’त कथा छापायची, दहा-वीस प्रती त्यालाच विकत घ्यायला लावायच्या, सोबत एक सन्मानचिन्ह द्यायचे, असे प्रकार सर्रास चालतात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण आधी लेखी विचारावे: प्रती किती, वितरण कोण करणार, विक्रेत्यांना सवलत किती, मुद्रितशोधन कोण करणार आणि किती वेळा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या, क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले तर सावध व्हावे. भारतात तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि स्वतःचे पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. जाहिरात निघते तेव्हा हस्तलिखित तयार हवे, आणि ते तज्ज्ञांकडून वाचले जाते, हा अनुदानाइतकाच मोठा फायदा.

हक्कांबाबतही अनास्था फार. ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ स्पर्धेच्या नियमांत असते आणि लेखक न वाचता सही करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास ते संपतात. अंकाला किंवा वर्तमानपत्राला पहिल्या प्रसिद्धीचा हक्क द्यावा. संग्रह, भाषांतर, श्राव्य आवृत्ती आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. एक साधे वाक्य ई-मेलमध्ये लिहिले तरी पुढचे वाद टळतात.

संपादक महोदय, लेखकाने करायचे ते एवढे. आता आपल्याकडे मागणी. आपल्या पुरवणीत कथा छापली जाते, पण ती कशी पाठवावी हे कुठे छापलेले नसते. शब्दमर्यादा, फाइलचा प्रकार, ई-मेल, मानधन आणि निर्णयाची मुदत ही माहिती महिन्यातून एकदा चौकटीत द्यावी. नव्वद दिवसांत उत्तर नाही तर नकार समजावा, असे स्पष्ट लिहिले तरी लेखक मोकळा होतो.

नकारासोबत कारण द्यावे. प्रत्येकाला पत्र लिहायला वेळ नाही, हे मान्य आहे. पण कारणे वर सांगितली तशी आठ-दहाच असतात: सुरुवात लांबली, वर्तमानात काही घडत नाही, दृष्टिकोन मध्येच बदलतो, शेवट ओढून आणलेला, बोली एकसारखी नाही, तपशील चुकीचा, शब्दमर्यादा ओलांडली, कथा चांगली पण आमच्या पानाची नाही. हा तक्ता एकदा तयार करून ई-मेलमध्ये ठेवावा आणि लागू असेल त्यावर खूण करून पाठवावा. शेवटचे कारण विशेष महत्त्वाचे आहे. चांगली कथा केवळ चुकीच्या दारात गेली होती, हे न कळल्यामुळे ती कायमची कपाटात जाते. महिन्याला शंभर कथा येतात असे धरले आणि खुणेला दोन मिनिटे लागली, तरी महिन्याला साडेतीन तासांच्या आत हे काम होते.

आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी, लेखकाच्या परवानगीने, एका छापलेल्या कथेचे पहिले पान आणि संपादनानंतरचे पान शेजारी-शेजारी छापावे. काय कापले, का कापले, लेखकाने कोणती सूचना नाकारली, हे दोनशे शब्दांत सांगावे. सल्ल्याच्या दहा लेखांपेक्षा ते पान नव्या लेखकाच्या अधिक उपयोगी पडेल. दिवाळी अंकासाठी आपण मे महिन्यात कथा मागवताच. तक्ता आणि चौकट त्या निवेदनासोबतच सुरू करता येतील.

कळावे,
आपला,
कथास्पर्धांचा एक परीक्षक, सातारा